धुण्या-पुसण्यातून पडणारे चरे

भर उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती केसाइतक्या बारीक रेघांची वर्तुळे दिसतात. गाडी कोणी गोल-गोल पुसली म्हणून ती पडली, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक हे चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या बिंदूभोवती आडवे येतात तेवढेच चमकतात आणि बाकीचे लपतात. मोबाइलचा टॉर्च पत्र्यावरून फिरवला, की ही वर्तुळे त्याच्याबरोबर सरकतात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात मात्र तीच गाडी नवी कोरी दिसते. जुनी गाडी घेणाऱ्याने ती उन्हात पाहावी हे चांगले. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही चरे तितकेच असतात, फक्त ते डोळ्यांत भरत नाहीत.

गाडीचा रंग हा एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसतो, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर हे सारे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी जाडीचा. गाडीची चकाकी आणि उन्हापासून रंगाचे रक्षण या दोन्ही गोष्टी याच थरावर अवलंबून असतात. धुताना पडणारे चरे बहुधा त्याच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच असतात.

चरे पाडते ती धूळ. दख्खनच्या काळ्या दगडातील फेल्डस्पार मोह्‌सच्या काठिण्यश्रेणीत 6च्या आसपास बसतो आणि वाळूतला क्वार्ट्झ 7वर. क्लिअर कोट हे शेवटी एक प्रकारचे प्लास्टिक, या कणांपुढे ते मऊच. कण पत्र्यावर नुसता पडून असला तर काही बिघडत नाही. फडक्याखाली दाबून तो ओढला गेला, की रेघ उमटते. गृहसंकुलांतून पहाटे होणारी गाडीपुशी या दृष्टीने सर्वांत वाईट. एक बादली, एक फडके आणि रांगेने उभ्या गाड्या. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी मातकट होते, चाकावरून फिरलेले फडके पिळून तसेच बोनेटवर येते, आणि त्यात ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा चुराही असतो. पुसणाऱ्याचा त्यात फारसा दोष नाही. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत आणि वाट्याला येणाऱ्या दोन-चार मिनिटांत याहून वेगळे काही होणे कठीण. रोज पुसून घेण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुऊन घेतली, तर तेवढ्याच पैशांत रंग अधिक टिकतो. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे तर ओल्या फडक्याहूनही घातक, कारण कणांना सरकवायला मध्ये पाण्याचा थरच नसतो.

धुण्याची योग्य रीत एका गोष्टीभोवती फिरते: हात लागण्यापूर्वी जितकी धूळ निघेल तितकी काढून टाकायची. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा, नाहीतर शाम्पू जागच्या जागी वाळतो. आधी चाके धुवावीत, त्यांचे फडके आणि ब्रश वेगळे ठेवावेत. मग छतापासून खाली भरपूर पाणी सोडावे. प्रेशर वॉशर असेल तर फेस मारून काही मिनिटे थांबावे, म्हणजे चिकटलेला चिखल सुटून खाली ओघळतो. त्यानंतरच मायक्रोफायबरचा हातमोजा घ्यावा. बादल्या दोन हव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत मोजा खळबळायला साधे पाणी. तळाशी जाळी टाकली तर खाली बसलेला गाळ पुन्हा वर येत नाही. हात सरळ रेषेत आणि हलका चालवावा, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी घ्यावेत. हातातून जमिनीवर पडलेला मोजा किंवा फडके त्या दिवशी पुन्हा वापरू नये. त्यात अडकलेला एक खडासुद्धा पुरतो. भांड्यांचा साबण रंगावरचे मेण उतरवतो, म्हणून गाडीचाच शाम्पू बरा.

वाळवतानाही चरे पडतात. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून हलकेच ओढला किंवा नुसता टिपला तरी पुरते. हे टॉवेल इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये, त्याने त्यांची पाणी शोषण्याची ताकद जाते. बोअरवेलचे जड पाणी गाडीवर वाळू दिले, तर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि मग ते घासून काढण्याच्या नादात नवे चरे पडतात.

पाणीटंचाईच्या भागांत कमी पाण्यात, न विसळता गाडी धुण्याची द्रावणे उपयोगी पडतात. एका बादलीत काम भागते. पण ती हलक्या धुळीपुरतीच, पावसाळ्यातला चिखल आधी पाण्याने धुऊन काढावाच लागतो. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित धुलाई केंद्रांत आधीच्या गाड्यांची माती ब्रशमध्ये असू शकते. नुसत्या पाण्याच्या झोताने धुणारी केंद्रे त्या मानाने सुरक्षित.

पडलेला चरा किती खोल आहे, हे आधी पाहावे लागते. जागा धुऊन ओली केल्यावर चरा दिसेनासा होत असेल तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. नख अडकत असेल तर तो खोल गेला आहे. रेघेत पांढरा-राखाडी रंग दिसला तर प्रायमर उघडा पडला, आणि चकचकीत धातू दिसला तर पत्रा.

वरवरचा चरा पॉलिशने जातो, म्हणजे बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळापर्यंत उतरवला जातो. म्हणून प्रत्येक पॉलिशबरोबर तो पातळ होतो, आणि दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेण्याची हौस काही वर्षांत रंगाच्या मुळावर येते. काम करण्यापूर्वी गाडी धुऊन क्ले बारने रुतलेले कण काढतात, कडांना आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावतात, कारण कडांवर थर पातळ असतो. मग सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने एका छोट्या चौकोनावर प्रयोग करतात. तेवढ्याने भागत नसेल तरच कंपाउंड. नवशिक्याने ड्युअल ॲक्शन मशीन वापरावे. साधे रोटरी एका जागी रेंगाळले तर रंग तापून जळतो. दाराच्या हँडलमागे नखांनी आणि अंगठ्यांनी पडलेले चंद्रकोरीसारखे चरे मात्र हातानेही बऱ्यापैकी निघतात.

टूथपेस्ट हाही एक प्रकारचा सौम्य घर्षक. त्याने अगदी बारीक रेघ फिकी होते, पण कामासाठी बनवलेले पॉलिश फार महाग नसताना तो खटाटोप कशाला? खोबरेल तेल आणि काही चमकदार मेणे चरा नुसता भरून टाकतात. दोन धुण्यांत तो पुन्हा दिसू लागतो.

पत्र्यापर्यंत गेलेला चरा तसाच ठेवू नये. कोकणाच्या दमट, खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. दाराच्या चौकटीवरील किंवा बोनेटखालील पट्टीवर गाडीच्या रंगाचा कोड असतो. तो सांगून टचअप रंग मिळतो. गंज खरवडून, तेलकटपणा पुसून, उघड्या पत्र्यावर आधी प्रायमर आणि मग बारीक ब्रशने रंगाचे पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर वाळू द्यावा आणि शेवटी लॅकर लावावे. वर आलेला उंचवटा 2000 ते 3000 नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने सपाट करून पॉलिश करता येतो. मेटॅलिक रंगात हा डाग जवळून ओळखू येतोच.

सिरॅमिक कोटिंगने गाडी धुणे सोपे होते, कारण धूळ कमी चिकटते. पण जाहिरातींतला ‘9एच’ हा आकडा पेन्सिलीच्या काठिण्याचा आहे, मोह्‌सच्या श्रेणीचा नव्हे. क्वार्ट्झचा कण त्यावरही रेघ ओढतो. पारदर्शक पीपीएफ फिल्म खरोखर जाड असते, साधारण 150 ते 200 मायक्रॉन, आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. तिची किंमत मात्र तशीच चढी.

यांपैकी काहीच चालण्यासारखे नसेल तर संपूर्ण दार किंवा फेंडर नव्याने रंगवावे लागते. शेजारच्या भागाशी छटा जुळवणे हे रंगाऱ्याचे खरे कसब. हा खर्च विम्यातून मागण्यापूर्वी नो क्लेम बोनसचा हिशेब करावा. क्लेम न घेतल्यास तो पहिल्या वर्षानंतर 20 टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्क्यांपर्यंत जातो, आणि एका दाराच्या रंगासाठी तो गमावणे अनेकदा महागात पडते.