खोडदच्या तबकड्या आणि लहरींचा कल

जुलैच्या मध्यात, मध्यरात्र उलटली की डोंगरी-उत्तनच्या आभाळात जंबुक तारकासमूह जवळजवळ थेट डोक्यावर येतो. पावसाळी ढगांमुळे तो दिसत नाही, आणि आभाळ निरभ्र असतं तरी त्यातला पीएसआर बी१९३७+२१ हा पल्सार नुसत्या डोळ्यांना सापडला नसता. रेडिओलहरींना मात्र ढगांची अडचण नसते. मेलेल्या ताऱ्याचा हा घट्ट गोळा सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरतो. मिलिसेकंद पल्सारांपैकी हाच सर्वांत आधी सापडला, १९८२ साली, अरेसिबोच्या दुर्बिणीतून. डॉन बॅकर यांच्या त्या गटात बर्कलीला पीएचडी करणारे श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा.

डोंगरीहून पूर्वेला, साधारण त्याच अक्षांशावर, जुन्नर तालुक्यातलं खोडद आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथलीच: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. भारतीय पल्सार टायमिंग ॲरेचा गट तिच्या मदतीने अशा पल्सारांचे ठोके मोजतो. जून २०२३ मध्ये अशा ठोक्यांच्या वेळांवरून गुरुत्वीय लहरींच्या संथ गुंजारवाचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा युरोपच्या नोंदींसोबत खोडदच्या नोंदीही होत्या. त्या वेळी चर्चा झाली ती ठोक्यांच्या वेळेची. ध्रुवणाबद्दल फारसं कुणी बोललं नाही, आणि मला तर खरी गंमत तिथेच वाटते.

होडीचा दोर वर-खाली हलवला तर लाट उभी जाते, डावी-उजवीकडे हलवला तर आडवी. रेडिओलहरींनाही असा कल असतो; त्यालाच ध्रुवण म्हणतात. तो गोल फिरणाराही असू शकतो. म्हणून तबकडीच्या नाभीवरचा ग्राहक दोन वेगवेगळ्या घटकांत लहर टिपतो. त्यांची तीव्रता आणि परस्परसंबंध यांवरून चार आकडे काढतात. हे गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्येच मांडून ठेवलं होतं, तेही प्रकाशासाठी.

आकडे काढणं सोपं, त्यांवर विश्वास ठेवणं अवघड. वाटेतल्या विरळ, चुंबकीय वायूतून येताना लहरींचा कल वळतो, आणि तो तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वळतो. १४०० मेगाहर्ट्झला जेवढा वळेल, त्याच्या सुमारे २२ पट ३०० मेगाहर्ट्झला. जीएमआरटी नेमकी या खालच्या पट्ट्यात तरबेज. पट्टा तसाच एकत्र केला तर निरनिराळे कल एकमेकांना खोडून काढतात आणि ध्रुवण नाहीसंच होतं. त्यात आपल्या पृथ्वीचं आयनांबर स्वतःची भर घालतं, ती दिवसा वेगळी आणि रात्री वेगळी.

शिवाय आभाळ तबकडीसमोर गरगरतं. बी१९३७+२१ खोडदच्या माथ्यापासून जेमतेम अडीच अंशांवरून जातो. तेव्हा ग्राहकाच्या तुलनेत आभाळाचा कोन अर्ध्या तासात शंभरेक अंशांनी फिरतो. या कटकटीचाही उपयोग होतो. पल्सारचं ध्रुवण आभाळाबरोबर फिरतं, यंत्राचा दोष यंत्रालाच चिकटून राहतो. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात.

ध्रुवणातून पल्सारचा स्वभावही कळतो. १९६९ मध्ये व्ही. राधाकृष्णन आणि डेव्हिड कुक यांनी वेला पल्सारच्या कलाचा इंग्रजी एस अक्षरासारखा वळसा चुंबकीय ध्रुवाच्या भूमितीने समजावून दिला. मिलिसेकंद पल्सार त्या सुबक वळशाला सहसा दाद देत नाहीत. बी१९३७+२१ सोबत फिरणारं चुंबकीय क्षेत्र केंद्रापासून ७४ किलोमीटरवरच प्रकाशाचा वेग गाठेल, इतका त्याचा पसारा आखूड. वेलाच्या बाबतीत हेच अंतर चार हजार किलोमीटरांच्या पुढे जातं.

यंत्रात एका घटकाचा संकेत दुसऱ्यात थोडा जरी झिरपला, तरी ठोक्याचा आकार बिघडतो आणि वेळ सरकते. इथे तर मायक्रोसेकंदाच्या अंशांचा हिशेब चाललेला. खोडदच्याच यादीतला जे१०२२+१००१ या बाबतीत बदनाम आहे. १९९९ मध्ये इफेल्सबर्गच्या निरीक्षकांनी त्याच्या ठोक्याचा आकार बदलतो असं सांगितलं. २००४ मध्ये पार्क्सच्या नोंदी तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की ध्रुवणाची नीट दुरुस्ती केली तर आकार स्थिर राहतो. पुढच्या निरीक्षणांनी पुन्हा शंका काढल्या. एकाच ताऱ्याबद्दल दोन नामवंत दुर्बिणींची साक्ष जुळत नाही, तेव्हा मी तरी आधी यंत्राकडे बोट दाखवेन. पण दोष सगळा यंत्राचाच, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.