वास्तुविशारद होऊं इच्छिणाऱ्यांस

बारावीचा निकाल लागला कीं घरोघरीं पुढील शिक्षणाचा खल सुरू होतो. मुलगी म्हणते, 'मला आर्किटेक्ट व्हावयाचें आहे.' आजोबा विचारतात, 'म्हणजे इंजिनियरच ना?' आणि आई म्हणते, 'हिची चित्रकला चांगली आहे, तेव्हां जमेल.' या दोन्ही समजुतींत अर्धेंच सत्य आहे. इमारत उभी कशी राहील याचा हिशेब मुख्यतः इंजिनियर करतो. ती कोणासाठीं बांधावयाची, तिचें तोंड कोणत्या दिशेला असावें, तींत उजेड व वारा कसा खेळावा, म्हाताऱ्या माणसाला तिचा जिना चढवेल कीं नाहीं, याचा विचार वास्तुविशारदाला करावा लागतो. आणि इंजिनियरचा हिशेब समजण्याइतकें गणितहि त्याला यावें लागतें. चित्र काढणें हें त्या विचाराचें केवळ साधन आहे.

मग या विद्येची तयारी कोठून करावी? मी म्हणेन, मोजण्यापासून करावी. आणि परभणी जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. सेलू तालुक्यांत वालूर येथें एक जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्राकार वळण घेत पाण्याकडे उतरतात. गाळानें भरून गेलेली ही बारव गांवकऱ्यांनीं अलीकडच्या वर्षांत स्वतः राबून मोकळी केली. जिंतूर तालुक्यांत चारठाणा येथें जुनीं दगडी देवळें आहेत, बारव आहे आणि नक्षीदार उंच स्तंभहि आहे. सहलीला जाणारा मनुष्य हें सर्व पाहून 'वा, सुंदर!' म्हणतो व परत येतो. विद्यार्थ्यानें बरोबर टेप, ओळंबा, वही आणि एक सोबती घेऊन जावें. पायरीची उंची किती, रुंदी किती, हें मोजून लिहावें. मग मनाशीं विचारावें, भरली घागर डोक्यावर घेतलेली बाई या पायऱ्या सहज चढेल काय? भोंवतालच्या मातीचा रेटा ही भिंत कशी सोसते? पावसाचें पाणी कोठून आंत येतें? आंकडे हातीं आले कीं असे प्रश्न आपोआप सुचूं लागतात, आणि तेथेंच खऱ्या अभ्यासाला आरंभ होतो.

ही रीत नवी नव्हे. मुंबईचें सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ सालीं निघालें व विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें वास्तुकलेचें रीतसर शिक्षण सुरू झालें. १९२३ पासून वीस वर्षें तेथील वास्तुकलेच्या शिक्षणाची धुरा क्लॉड बॅटली यांच्याकडे होती. ते विद्यार्थ्यांकडून जुन्या इमारती मोजवून त्यांचीं रेखाचित्रें करून घेत; त्या रेखाचित्रांचा ग्रंथच पुढें त्यांनीं प्रसिद्ध केला. याच विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनीं १९१७ सालीं काढलेल्या मंडळांतून १९२९ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

आज हा अभ्यासक्रम पांच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा आहे. त्यासाठीं बारावीला गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेतलेले असावेत, आणि 'नाटा' ही अभिरुचि-परीक्षा अगर जेईईची वास्तुकलेची प्रश्नपत्रिका द्यावी लागते. मुंबईस जे. जे. चें महाविद्यालय आहे, नागपुरास विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेंत हें शिक्षण मिळतें, आणि खासगी महाविद्यालयेंहि पुष्कळ आहेत. प्रवेश घेण्यापूर्वीं महाविद्यालयास कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे कीं नाहीं, हें पालकांनीं अवश्य पाहावें. कारण १९७२ च्या कायद्यान्वयें या कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणालाहि स्वतःस आर्किटेक्ट म्हणवितां येत नाहीं. मात्र सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं असेंहि स्पष्ट केलें आहे कीं, हा कायदा त्या उपाधीचें रक्षण करतो. इमारतीचे आराखडे करण्यास इतरांना मज्जाव करीत नाहीं. तेव्हां केवळ पदवीच्या बळावर कामें चालून येतील, अशी आशा कोणी धरूं नये.

या धंद्याची जबाबदारी किती मोठी आहे हें मराठवाड्यानें फार मोठी किंमत देऊन जाणलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे परभणीच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यांत किल्लारीस भूकंप झाला आणि सुमारें ८,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. दगड-मातीच्या जाड भिंतींच्या दोन अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा घातलेलेच नव्हते. वर माळवदाच्या मातीचा भार होता. भिंती फुटून कोसळल्या, आणि कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र तसाच उभा राहिला. उन्हाळ्यांत थंडावा देणारें हेंच माळवद त्या पहाटे घातक ठरलें. पुढें नवीं गांवें वसविण्यांत आलीं. घरें पक्कीं झालीं, रस्ते रुंद झाले. परंतु सरळ रांगांच्या त्या मांडणींत जुना शेजार तुटला, अशी खंत अनेकांनीं बोलून दाखविली. भिंत भक्कम असावी हा त्यांतील एक धडा. आणि त्या भिंतींत राहणाऱ्यांना आधीं विचारावें हा दुसरा.

हे धडे वर्गांत ऐकावयास मिळतात, पण अंगवळणी पडतात ते कामावर. अभ्यासक्रमांतच एखाद्या अनुभवी वास्तुविशारदाच्या हाताखालीं उमेदवारी करावयाची असते. ते दिवस केवळ संगणकासमोर घालवूं नयेत. गवंडी विटांचा सांधा कसा मोडतो, सुतार चौकट काटकोनांत आहे हें कसें ताडतो, स्लॅबवर पाणी किती दिवस धरतात, हें उभें राहून पाहावें. नगरपालिकेचे बांधकामाचे नियम वाचावेत, आणि खर्चाचा अंदाज स्वतः काढून पाहावा. मालकाची पुंजी बहुधा आयुष्यभराची असते. ती आपल्या कागदावरील हौसेखातर खर्ची पडूं नये, ही काळजी या उमेदवारींतच अंगीं बाणावी.

पालकांना एकच विनंती. या शिक्षणांत जागरणें पुष्कळ, साहित्याचा खर्च बराच, आणि आरंभींचीं वर्षें प्राप्ति बेताचीच. म्हणून मुलाचा वा मुलीचा ओढा खरा आहे कीं नाहीं, हें आधीं पारखावें. त्याला कसोटी सोपी आहे. येत्या सुट्टींत तिला आपल्याच घराचा नकाशा मोजून काढावयास सांगा, आणि दुपारीं कोणती खोली तापते व कां तापते, हें तिच्याकडूनच समजून घ्या. चार दिवस टेप हातीं धरूनहि तिला कंटाळा आला नाहीं, उलट ती शेजारचा वाडा मोजावयास निघाली, तर तिला निःशंक मनानें या विद्येकडे पाठवा.