चिंगकालीन चिनी नाण्यांची पारख

मध्यभागी चौकोनी छिद्र असलेले पितळी नाणे १६४४ ते १९१२ या चिंग राजवटीतील असेल, तर त्याचा काळ ठरविण्यास चिनी भाषेचे पांडित्य लागत नाही. कारण दर्शनी बाजूवरील चार अक्षरांपैकी वरचे व खालचे मिळून कारकीर्दीचे नाव होते, तर उजवे व डावे मिळून बहुधा ‘थुंगपाओ’ ही चलनवाचक जोडी होते.

खरी मौज मात्र पाठीमागे आहे. राजघराणे मांचू असल्याने तेथे उभी मांचू लिपी आढळते, आणि डावीकडे ‘पाओ’ तर उजवीकडे टांकसाळीचे नाव असते. पेकिंगमध्येच महसूल खात्याची एक व बांधकाम खात्याची दुसरी अशा दोन टांकसाळी होत्या. खांगशी सम्राटाच्या अमदानीतील प्रांतिक नाण्यांवर मात्र उजवीकडे चिनी अक्षर येते.

केवळ कारकीर्दीच्या नावावर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. १७५९ मध्ये चिएनलुंग सम्राटाने शिनच्यांगचा मुलूख पूर्णपणे जिंकल्यानंतर तेथे लालसर तांब्याची नाणी निघू लागली, आणि या विजयाच्या स्मरणार्थ त्याच्या पश्चात्‌ही त्याच्याच नावाने ती ओतली जात राहिली. धातूच्या बाबतीतही घाई नको: थायफिंग बंडामुळे खजिना रिता झाला, तेव्हा श्येनफेंग सम्राटाच्या सरकारने दहा, पन्नास, शंभर अशा दर्शनी मूल्यांची मोठी नाणी काढली व लोखंडाचाही आश्रय घेतला. म्हणून लोहचुंबकाला चिकटले एवढ्यावरून नाणे बनावट ठरवणे अन्यायाचे होईल.