कोवळा बांबू

धानोरा तालुक्यातल्या त्या रानात मला मानवेल बांबूचं बेट म्हणजे नुसता गुंता वाटत होता. हातात कोयता असूनही मामा बराच वेळ काही न तोडता त्याच्याभोवती फिरत राहिले. एकेका बांबूवरून बोट फिरवत, मग शेंड्याकडे बघत. पेरांना वाळकं आवरण चिकटलेलं, अंगावर पांढरी भुकटी, तो याच पावसाळ्यातला. आवरण गळून अंग हिरवं झालेला दुसऱ्या वर्षाचा. आणि मळकट, चट्टे पडलेला तीन वर्षांपुढचा.

"हा घेऊ," म्हणत त्यांनी जमिनीपासून वीतभर वर, पेराला लागूनच घाव घातला. दोन पेरांच्या मध्ये कापलं तर खुंटाची नळी उघडी राहते, तिच्यात पाणी साचतं आणि कुज कंदापर्यंत जाते.

खरी मेहनत पुढे आहे. नवे कोंब बेटाच्या कडेनं फुटतात, म्हणून जुने आत अडकतात. कोंब नसतील त्या बाजूनं आत शिरायचं आणि म्हातारा बांबू काट्याकुट्यांतून ओढून काढायचा. कडेचा कोवळा मात्र दोन घावांत हाती येतो. घाईची तोड त्याच्यावरच पडते, आणि बेट उजाड होतं ते इथूनच.

२००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकही. आपल्या रानातलं काय तोडायचं आणि काय राखायचं, हे गावानं ठरवण्याला तेव्हा अर्थ आला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पण पेच सुटत नाही. सूप विणणाऱ्या बुरूड बाईंना कोवळाच हवा असतो. त्याच्या कामट्या लवचीक निघतात, जुन्याच्या तडकतात. जुना त्या भिजवून ठेवतात, टोपलीच्या काठाला आणि बुडाला वापरतात. बारीक विणीसाठी दाट बेटातून मोजून एखादा कोवळा त्यांना मिळतो. सुपामागे सुटणारे पैसे थोडे, जुन्या बांबूवर वेळ दुप्पट. तो वेळ गिऱ्हाइकानं मोजलेल्या पैशांत कुठेच धरलेला नसतो.

संध्याकाळी मोळी अंगणात पडली. बाईंनी त्यातून एक हिरवा बांबू बाजूला काढला.

"हा कोवळा कोनं तोडला?"

"वाऱ्यानं मोडला होता, बाई," मामा म्हणाले.

बाईंनी तुटलेलं टोक नीट पाहिलं, मग कोयता लावला. दिवसभरातल्या बांबूंत तोच सगळ्यात सरळ चिरला.