उंबरठ्यावरचे विमान

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे ‘अग्निपंख’ वाचलेल्यांना चेन्नईतील मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ती दोन निवृत्त विमाने आठवत असतील. १९५०च्या दशकात, सहाध्यायी वसतिगृहात परतल्यावरही, कलाम त्यांच्यापाशी बसून राहत.

विमानाची ओढ अशी सान्निध्यातून जन्मते. मात्र उंच चौथरा, शिडी आणि ‘हात लावू नये’ ही पाटी चाकाच्या खुर्चीवरील वा दृष्टिहीन अभ्यागतास तेच सान्निध्य नाकारते.

उपाय अवघड नाहीत. १:१२ या प्रमाणात एक मीटर उंचीसाठी बारा मीटरांचा उतारमार्ग लागतो. कॉकपिटचे दृश्य खाली पडद्यावर दाखविता येते. स्पर्शासाठीची प्रतिकृती व ब्रेल फलक पंखांचा आकार बोटांना सांगतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडून ही वाट दाखविली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ही कृपा नसून हक्क आहे.

पुढे डॉ. कलामांनी क्षेपणास्त्रांसाठीच्या हलक्या संमिश्र द्रव्यापासून पायांनी अधू मुलांसाठी कॅलिपर घडवून घेतले. तीन किलोंहून अधिक वजन तीनशे ग्रॅमवर आले. उड्डाणशास्त्राने ज्यांच्या पायांचे ओझे उतरविले, त्यांना विमानापर्यंत नेणारा उतारमार्ग आपण निश्चितच बांधू शकतो.