विश्लेषण : पेशीतील विकरांचा ‘पत्ता’ हरवला तर? एक जनुक, एक दुर्धर आजार आणि तोतरेपणा

‘आय-सेल’ हा आजार असलेल्या बाळाच्या रक्ताचा अहवाल प्रथम पाहणारा गोंधळून जाईल. पेशीतील कचरा पचवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, रक्तात नेहमीपेक्षा कित्येक पट जास्त सापडतात. मात्र त्याच बाळाच्या बहुतेक पेशींत, जिथे ती खरोखर हवीत तिथे, ती फारच कमी असतात. माल तयार होतो, पण पोहोचत नाही. यामागे असतो ‘जीएनपीटीएबी’ या जनुकातील बिघाड. याच जनुकातील सौम्य बदलांचा संबंध तोतरेपणाशीही आढळला आहे.

हे जनुक करते काय?

पेशीत तयार झालेले प्रत्येक प्रथिन कुठे जायचे हे ठरलेले असते. काही पेशीबाहेर, काही आवरणावर, तर कचरा पचवणारी सुमारे ६० प्रकारची विकरे लायसोसोममध्ये (शाळेच्या पुस्तकातील ‘लयकारिका’) जातात. या विकरांवर ‘मॅनोज-६-फॉस्फेट’ नावाची छोटी खूण लावली जाते. तिला पिनकोड म्हणता येईल. गॉल्गी संकुलातील ग्राही प्रथिने ती ओळखतात आणि विकराला योग्य पिशवीत भरून लायसोसोमकडे धाडतात.

ही खूण लावणाऱ्या यंत्रणेचा मुख्य भाग १२ व्या गुणसूत्रावरील जीएनपीटीएबी या जनुकापासून बनतो. तो बंद पडला, की विकरे पत्त्याविना पेशीबाहेर टाकली जातात. ती रक्तात जास्त दिसतात ती यामुळेच.

शास्त्रज्ञांना हे कळले कसे?

१९६७ मध्ये ज्यूल्स लेरॉय आणि रॉबर्ट डीमार्स यांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका रुग्णाच्या त्वचापेशी गडद कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या. न पचलेला माल साठलेल्या या पेशींवरूनच ‘आय-सेल’ हे नाव पडले. एकाच वेळी इतकी विकरे कशी गायब झाली, हा प्रश्न होता. प्रत्येक विकराचे जनुक वेगळे असते आणि ती सगळी एकदम बिघडणे शक्य नव्हते.

उत्तराची दिशा १९७२ मध्ये स्कॉट हिकमन आणि एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगातून मिळाली. निरोगी पेशींनी बाहेर सोडलेली विकरे रुग्णाच्या पेशी सहज आत घेत होत्या. उलट, रुग्णाच्या पेशींनी सोडलेली विकरे दुसऱ्या पेशी नीट घेईनात. म्हणजे घेणाऱ्या पेशीत दोष नव्हता, दोष मालावर होता. विकरांवर एखादी ओळखीची खूण असावी आणि या रुग्णांत तीच गहाळ असावी, असा तर्क त्यांनी मांडला. खूण कोणती हे माहीत नसताना ती असलीच पाहिजे असे सांगणारा हा तर्क पेशीविज्ञानातील सर्वात देखण्या तर्कांपैकी एक म्हणावा लागेल. १९७७ मध्ये विल्यम स्ली यांच्या गटाने ती खूण मॅनोज-६-फॉस्फेट असल्याचे दाखवले.

मुलांमध्ये काय दिसते?

खूण लावण्याची यंत्रणा पूर्ण बंद असेल तर लक्षणे जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांतच दिसतात. वाढ खुंटते, सांधे आखडतात, हाडे वेडीवाकडी होतात, चेहरेपट्टी जाड होते, हृदयाच्या झडपा बिघडतात. यातील बहुतेक मुले दहा वर्षांचीही होत नाहीत. यंत्रणा थोडी तरी चालू असेल तर आजार सौम्य राहतो. बोटे वळत नाहीत, खांदे आखडतात, आणि पुष्कळदा मुलावर संधिवाताचे उपचार सुरू होतात. सूज नसलेला ‘संधिवात’ औषधांना दाद देत नसेल तर डॉक्टरांनी या शक्यतेचा विचार करायला हवा.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तरच मूल आजारी होते. वाहकांना स्वतःला हा आजार नसतो, त्यामुळे पहिले आजारी मूल जन्मेपर्यंत बहुधा कुणाला कल्पनाही नसते. अशा जोडप्यात प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत, महाराष्ट्रातही, असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. कुटुंबातील नेमका बदल सापडला असेल तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते.

बाहेरून विकर का देत नाहीत?

पॉम्पे या आजारात एकच विकर कमी असते. ते कारखान्यात खुणेसह तयार करून शिरेतून देतात. आय-सेलमध्ये मात्र एकाच वेळी डझनावारी विकरे अडलेली असतात, एकेक देऊन भागत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणही काही मुलांवर करून पाहिले गेले, त्याचा फायदा मर्यादितच राहिला. भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक आजारांच्या उपचारांसाठी आता ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईतील केईएम रुग्णालय त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे. पण ज्या आजाराला मुळावर औषधच नाही, तिथे निधी देऊन विकत काय घेणार?

तोतरेपणाशी काय संबंध?

२०१० मध्ये अमेरिकेतील डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुटुंबात अनेक जण अडखळत बोलणारे होते आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत जीएनपीटीएबीमध्ये एकाच अक्षराचा बदल होता. पुढे खूण लावण्याच्याच कामातील आणखी दोन जनुकांत असे बदल सापडले. या व्यक्तींत आय-सेलची लक्षणे नव्हती. दक्षिण आशियाई लोकांत आढळणारा हा बदल सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी एकाच पूर्वजात झाला असावा, असा नंतरचा अंदाज आहे.

मात्र याच कुटुंबात बदल असूनही नीट बोलणारे आणि बदल नसूनही अडखळणारे लोक होते. तोतरे बोलणाऱ्या बहुतेकांत यापैकी एकाही जनुकात बदल नसतो. त्यामुळे ‘तोतरेपणाचे जनुक सापडले’ अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. पण मूल मुद्दाम तसे बोलते, घाबरट आहे, जिभेला वेखंड चोळले की सुटेल, या समजुतींना या संशोधनाने नक्कीच धक्का दिला. अडखळणाऱ्या मुलाला दटावण्याऐवजी वाचा-उपचार तज्ज्ञाकडे नेणे केव्हाही बरे. त्यासाठी जनुक चाचणीची गरज नाही.

बिघाड फक्त बोलण्यातच का दिसावा? २०१६ मध्ये हाच बदल उंदरांत घडवला, तेव्हा पिल्लांच्या आवाजात लांब खंड पडू लागले, बाकी वागणे जवळपास नेहमीचेच होते. २०१९ मध्ये अशा उंदरांच्या मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पट्ट्यात ‘ॲस्ट्रोसाइट’ या आधारपेशी कमी आढळल्या. पत्त्याची खूण आणि या पेशी यांचा दुवा आता शोधला जात आहे.