कोंबड्यांमधील टोचक्रम

टोचक्रम म्हणजे कोंबड्यांच्या कळपात परस्परांना टोचण्याच्या आणि टोचून घेण्याच्या वर्तनातून ठरणारी श्रेणीरचना होय. इंग्रजीत तिला 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी एकच शब्द रूढ झालेला नाही. 'चोचक्रम' व 'टोचण्याची उतरंड' असेही शब्द वापरता येतात. 'उतरंड' हा शब्द या रचनेला विशेष शोभतो, कारण एकावर एक रचलेल्या मडक्यांप्रमाणे येथेही प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि मधले एक मडके काढले की सगळी रचना डळमळते. परसात पाळलेल्या पाच-दहा कोंबड्यांच्या किंवा हौसेने ठेवलेल्या बुटक्या बँटम पक्ष्यांच्या कळपात हा क्रम बिघडल्यास अंडी घटतात, दुबळा पक्षी उपाशी राहतो आणि प्रसंगी मरतोही.

== संशोधनाचा इतिहास ==
नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लेफ शेल्डरुप-एबे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले होते. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणाकडून निमूटपणे टोचून घेते याच्या नोंदी करून त्यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी आपले निष्कर्ष जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. पुढे माणसांच्या कार्यालयांपासून राजकारणापर्यंत सर्वत्र वापरला गेलेला हा शब्दप्रयोग मुळात कोंबड्यांच्या अंगणातला आहे. उतरंड नेहमीच सरळ नसते, हेही त्यांनी नोंदवले होते. कधी पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी उलट पहिलीला टोचते, असे त्रिकोणही आढळतात.

अमेरिकेत वॉर्डर ॲली, निकोलस कोलियास व ए. एम. गुल यांनी हा अभ्यास पुढे नेला. नर संप्रेरक टोचलेल्या कोंबड्या उतरंडीत वर चढतात, असे १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा यांवरून ओळखतात, हेही प्रयोगांनी स्पष्ट झाले. म्हणूनच तुऱ्याला इजा झालेली किंवा डोक्याचा रंग बदललेली कोंबडी आपल्याच कळपात परकी ठरू शकते.

== क्रम कसा ठरतो ==
पिलांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून छाती पुढे काढून उड्या मारण्याचे खेळ सुरू होतात. खऱ्या अर्थाने क्रम ठरतो तो साधारणपणे सहा ते दहा आठवड्यांच्या वयात. वजन, तुऱ्याचा आकार, वय, जात आणि आधीच्या लढतींचा अनुभव यांवर निकाल अवलंबून असतो. एकदा निकाल लागला की प्रत्येक वेळी झुंज होत नाही. वरच्या पक्ष्याने मान उंचावून नुसते पाहिले तरी खालचा बाजूला सरतो. त्यामुळे टोचक्रम हा मुळात भांडण टाळण्याचा उपाय आहे आणि तो मोडून काढण्याचा प्रयत्न करणे चुकीचे ठरते. पाळणाऱ्याचे काम एवढेच की खालच्या पक्ष्यालाही दाणा, पाणी, सावली व झोपायला जागा मिळावी.

नर व माद्या यांच्या उतरंडी वेगळ्या असतात. प्रौढ कोंबडा सर्व माद्यांच्या वर असतो आणि कळपात एक समंजस कोंबडा असल्यास माद्यांमधील आपसांतील भांडणे कमी होतात, असे आढळले आहे. दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण परसातील कळपात चालते. नर जास्त झाल्यास त्यांच्या झुंजींबरोबरच माद्यांच्या पाठीवरची पिसेही जातात.

कळपाचा आकार वाढला की नात्यांची संख्या झपाट्याने वाढते. चार माद्यांमध्ये सहा जोड्या असतात, दहांमध्ये ४५ आणि २५ माद्यांमध्ये ३००. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागामार्फत आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा व तीन नर असा गट अनुदानावर देण्याची योजना राबवली गेली आहे. तलंग म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. हे वय नेमके क्रम ठरण्याचे आहे. एकत्र वाढलेल्या तलंगांमध्ये आपसांत फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती घरात आधीपासून असलेल्या दोन-चार जुन्या कोंबड्यांशी त्यांची गाठ पडते तेव्हा.

== टोचण्याचे तीन प्रकार ==
सर्व टोचणे एकाच कारणाने होते असे समजल्यामुळे बहुतेक उपाय फसतात.

पहिला प्रकार अधिकार दाखवण्याचा. यात टोचा वरून खाली, डोक्यावर किंवा तुऱ्यावर बसतो, समोरचा पळतो आणि प्रकरण मिटते. हे नैसर्गिक असून बहुधा मध्ये पडण्याची गरज नसते.

दुसरा प्रकार पिसे उपटण्याचा. यात डोक्याऐवजी पाठ, शेपटीचे बूड व पोट यांवरची पिसे ओढली जातात आणि पुष्कळदा खाल्लीही जातात. यामागे राग नसतो. जमीन उकरून चरण्याची कोंबडीची भूक बंद खुराड्यात भागत नाही, तेव्हा तिची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. प्रथिने किंवा मीठ कमी पडणे, अंगावर उवा होणे, गर्दी व तीव्र प्रकाश यांनी ही सवय बळावते. येथे 'दादागिरी करणारी' कोंबडी शोधून शिक्षा करण्यात अर्थ नसतो.

तिसरा प्रकार रक्त निघेपर्यंत टोचण्याचा, म्हणजेच स्वजातिभक्षणाचा. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेचा गुदमार्ग अंडे घालताना क्षणभर बाहेर येतो. तो तांबडा भाग उजेडात इतरांना दिसला तर त्यावर टोचले जाते आणि काही तासांत पक्षी मरू शकतो. अंडी घालण्याची जागा अंधारी व आडोशाची असावी, ती यासाठीच.

== पंढरपूर परिसरातील परिस्थिती ==
पंढरपूर तालुका सोलापूर जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात येतो. ज्वारी हे येथले जुने धान्य आहे. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. साहजिकच परसातल्या कोंबड्यांपुढे ज्वारीच टाकली जाते. ज्वारीत प्रथिने सुमारे १० टक्के असतात, तर अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ती १६ ते १८ टक्के लागतात. शिवाय पिसांच्या वाढीला आवश्यक असलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल ज्वारीत पुरेसे नसते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ही तूट किडे, गांडुळे व वाळवी खाऊन भरून काढतात. शहरातल्या जुन्या वाड्यांच्या फरसबंद चौकात ती सोय नसते. अशा ठिकाणी नुसत्या ज्वारीवर ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे खाऊ लागल्या तर तो स्वभावदोष नसून उपासमार असते. ज्वारीला सोयाबीन, शेंगदाणा किंवा सूर्यफूल यांच्या पेंडीची व शिंपल्याच्या चुऱ्याची जोड देणे, अथवा तयार संतुलित खाद्य वापरणे, हा त्यावरचा उपाय आहे. पेंड मात्र बुरशी न आलेली असावी.

दुसरी बाब उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. या काळात सावली व गारवा हीच मोठी संपत्ती होते. रांजणाखालची ओली जागा किंवा झाडाचा बुंधा वरचढ कोंबड्या अडवून बसतात आणि उतरंडीतली शेवटची कोंबडी उन्हात धापा टाकत राहते. उष्माघाताने मेलेला पक्षी पुष्कळदा हाच असतो. त्याच्या मृत्यूचे कारण ऊन असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे असते. पाण्याची भांडी एकापेक्षा अधिक, एकमेकांपासून दूर आणि सावलीत ठेवणे हा अगदी बिनखर्चाचा उपाय आहे.

आषाढी व कार्तिकी यात्रांच्या दिवसांत शहरात पाय ठेवायला जागा नसते आणि अनेक घरे वारकऱ्यांच्या उतरण्यासाठी दिली जातात. एरवी मोकळ्या असणाऱ्या कोंबड्या अशा वेळी काही दिवस खुराड्यात अडकून पडल्यास टोचाटोची हमखास वाढते. पालेभाजीची जुडी किंवा कोबीचा गड्डा दोरीने टांगून ठेवणे, गादीत मूठभर दाणे पेरून ते उकरायला लावणे, कोपऱ्यात माती व चुलीची राख धूळस्नानासाठी ठेवणे, यांनी चोचीला काम मिळते.

== बँटम व मिश्र कळप ==
बँटम हे नाव जावा बेटावरील बांतेन या बंदरावरून आले आहे. हे पक्षी साधारणपणे अर्धा ते एक किलो वजनाचे असतात. आकार लहान असला तरी स्वभाव लहान नसतो. चपळ बँटम कोंबडा आपल्या दुप्पट वजनाच्या पक्ष्यावर धावून जातो, आणि जागा आखडती मिळाली की मग तोच मार खातो. सिल्की जातीची पिसे रेशमासारखी मोकळी असल्याने तिला उडून दांडीवर चढता येत नाही व पळून सुटताही येत नाही. डोक्यावर मोठा झुबका असलेल्या जातींना बाजूने येणारा टोचा दिसतच नाही. अशा पक्ष्यांना असील किंवा असील रक्ताच्या गावठी कोंबड्यांबरोबर ठेवणे म्हणजे त्यांचा बळी देणे होय. असील ही जात झुंजीसाठीच प्रसिद्ध आहे.

बँटम व सिल्की माद्या वारंवार खुडूक होतात. २१ दिवस अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी कळपापासून दुरावते आणि परतल्यावर तिला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. मात्र पिले बरोबर असताना तीच कोंबडी इतकी आक्रमक होते की वरच्या कोंबड्याही तिला वाट देतात. पिसे गाळण्याच्या काळात तुरा आक्रसतो, तेव्हाही क्रम खालीवर होतो.

== नवे पक्षी कळपात मिसळणे ==
सर्वांत जास्त इजा याच वेळी होते. आठवडी बाजारातून आणलेली एकटी कोंबडी थेट खुराड्यात सोडली की तिला सहा-सात जणींशी एकटीने निकाल लावावा लागतो. त्यामुळे एका वेळी किमान दोन-तीन, शक्यतो सारख्या आकाराचे पक्षी आणावेत.

प्रथम दोन ते तीन आठवडे त्यांना पूर्ण वेगळे ठेवावे. हे भांडणासाठी नसून मानमोडी, म्हणजेच राणीखेत, यांसारख्या रोगांसाठी आवश्यक आहे. त्यानंतर आठवडाभर त्यांना जुन्या कळपाला दिसतील पण टोचता येणार नाहीत असे ठेवावे. यासाठी महागडी जाळी लागत नाही. ग्रामीण घरातले बांबूचे डालगे येथे उत्तम काम देते: नवा पक्षी दिवसा अंगणात डालून ठेवायचा, बाजूला दाणे टाकायचे, म्हणजे जुन्या कोंबड्या त्याच्याभोवती चरत राहतात. उन्हाळ्यात डालगे सावलीत असावे व आत पाणी ठेवावे.

रात्री अंधारात नवे पक्षी दांडीवर बसवण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. तिचा उपयोग मर्यादित आहे. सकाळी उजाडताच ओळख पटतेच. पहाटे खुराडे लवकर उघडून सर्वांना मोकळ्यावर सोडले तरच तिचा लाभ होतो. परक्या कोंबडीने कळपातल्या वरिष्ठ कोंबडीला हरवलेले पाहिले तर खालच्या कोंबड्या तिच्याशी न लढताच नमते घेतात, असे १९९० च्या दशकातील एका प्रयोगात दिसले आहे. सर्वांत वरच्या कोंबडीशी नव्या पक्ष्याचे कसे जुळते, याकडे म्हणूनच विशेष लक्ष द्यावे.

== छळ ओळखणे व थांबवणे ==
छळ होणारी कोंबडी आवाज करीत नाही. ती दाण्यावर सर्वांत शेवटी येते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते, अंडी घालण्याच्या पेटीत झोपते. खात्रीची परीक्षा संध्याकाळी करावी: पक्षी दांडीवर बसल्यावर गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. इतर सर्वांची भरलेली आणि एकीचीच रिकामी असेल, तर तिला दिवसभर खाऊ दिलेले नाही.

दाण्याची भांडी दोन-तीन असावीत आणि त्यांच्यामध्ये विटांचा ढीग, टोपली किंवा कडब्याची पेंढी यांचा आडोसा असावा, म्हणजे एका कोंबडीला सर्वांवर नजर ठेवता येत नाही. दांड्या शक्यतो एकाच उंचीवर बांधाव्यात. वरखाली बांधल्या तर वरच्या दांडीसाठी रोज सायंकाळी भांडण होते. प्रत्येक पक्ष्यास सुमारे २० सेंटिमीटर दांडी व खुराड्यात दोन ते अडीच चौरस फूट जागा मिळावी. बँटम पक्ष्यांचे वजन कमी म्हणून जागा निम्मी करणे हितकारक नसते. पळायला अंतर लागते, आणि ते वजनावर ठरत नाही. बंद कोपरे टाळावेत.

एवढे करूनही एकच कोंबडी सतत दुसरीचा पाठलाग करीत असेल, तर छळणारीला वेगळे काढावे, छळलेलीला नव्हे. दुबळी कोंबडी बाहेर काढली तर परतताना ती आणखी परकी होते. वरचढ कोंबडी काही दिवस नजरेआड ठेवून परत सोडली की मधल्या काळात उतरंड पुन्हा मांडली गेलेली असते आणि तिचा जोर पुष्कळदा ओसरतो. तिच्या अनुपस्थितीत लगेच दुसरी कोंबडी तेच करू लागली, तर मात्र दोष पक्ष्यात नसून जागेत किंवा खाद्यात आहे असे समजावे.

रक्त आलेला पक्षी याला अपवाद आहे. तांबडा रंग दिसताच सर्व कळप त्यावर तुटून पडतो, म्हणून जखमी पक्षी तत्काळ बाजूला घ्यावा, जखम धुऊन गडद रंगाचे जंतुनाशक लावावे व उन्हाळ्या-पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडणार नाहीत हे पाहावे. खोल जखम पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. बरा होईपर्यंत तो डालग्याखाली इतरांना दिसेल असा ठेवल्यास त्याची ओळख टिकून राहते.

मोठ्या व्यवसायात टोचाटोचीवर उपाय म्हणून चोचीचे टोक कापले जाते. ही क्रिया वेदनादायक असून दहा-वीस पक्ष्यांच्या घरगुती कळपात तिचे समर्थन होऊ शकत नाही; मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे वेचण्यासाठी व अंगावरच्या उवा काढण्यासाठी चोच अखंड लागते. निवड पैदाशीचा मार्ग अधिक टिकाऊ आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युर यांनी एकेकट्या भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीऐवजी एकत्र नांदून भरपूर अंडी देणारे संपूर्ण पिंजरे पुढील पैदाशीसाठी निवडले, तेव्हा अवघ्या काही पिढ्यांत पक्ष्यांची मरतूक मोठ्या प्रमाणात घटली. परसातही सर्वांत भांडखोर कोंबडीची अंडी उबवायला न ठेवता खाण्यासाठी वापरली, तर हेच तत्त्व लहान प्रमाणात पाळले जाते.